फुले समाधान (एनआयएडब्ल्यू 1994): तीन रब्बी हंगामांनंतरचा अभिप्राय

कोपरगाव आणि येवला या दोन तालुक्यांच्या सीमेवर आमची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आहे. तिच्यात सोयाबीननंतर गहू घेण्याची पद्धत वडिलांच्या काळापासून आहे. गेले तीन रब्बी हंगाम मी निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘फुले समाधान’ हा वाण पेरला. एकदा तो वेळेवर पेरला, एकदा उशिरा, आणि तिसऱ्या वर्षी अर्धा असा व अर्धा तसा. बियाणे घेण्यापूर्वी त्याच्याबद्दल जे वाचले होते, त्यात उत्पादनाचा आकडा आणि ‘लवकर येणारा’ हे दोन शब्द यापलीकडे फारसे काही नव्हते. लवकर येणे म्हणजे नेमके काय आणि त्याची किंमत कशात मोजावी लागते, हे शेतात उभे राहिल्यावरच कळले. म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

लवकर येणाऱ्या गव्हाची गरज आमच्या भागात हौसेपोटी निर्माण झालेली नाही. परतीचा पाऊस लांबला की सोयाबीनची काढणी लांबते, काढणी झाली तरी काळ्या जमिनीला वाफसा (पेरणीजोगा ओलावा) लवकर येत नाही, आणि बघता बघता नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा निघून जातो. बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीसाठी 1 ते 15 नोव्हेंबर हा काळ शिफारस केलेला आहे, आणि त्यानंतर पेरणी जितके पंधरवडे लांबेल तितके, प्रत्येक पंधरवड्यामागे, हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते असे कृषी विद्यापीठ सांगते. उत्तरेकडे मार्चच्या अखेरीपर्यंत थंडीचा थोडा तरी अंश शिल्लक असतो. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यावरच दुपारचे ऊन बदलते. 2022चा मार्च हा देशात 1901पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेतल्या गव्हाचे दाणे त्यात पोचट राहिले, आणि 13 मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पुढच्या वर्षीचा फेब्रुवारीही तसाच, नोंदींमधला सर्वांत उष्ण निघाला. उत्तर भारताने त्या दोन वर्षांत जे अनुभवले, ते आमच्या पट्ट्यातल्या उशिरा पेरलेल्या गव्हाच्या वाट्याला जवळजवळ दरवर्षी येते.

आपण रब्बीत, म्हणजे हिवाळ्यात पेरत असलो तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपला सगळा गहू वसंत गव्हाच्या गटातला आहे, कारण त्याला ओंबी धरण्यासाठी युरोपातल्या हिवाळी गव्हासारखी दीर्घ, कडक थंडी लागत नाही. त्यामुळे तो चार महिन्यांच्या आत हाती येतो. हा काळ आणखी नऊ-दहा दिवसांनी कमी करायचा तर ते दिवस रोपाच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यातून काढायचे, हा पैदासकारापुढचा खरा प्रश्न असतो. फुटवे फुटण्याच्या आणि कांडी धरण्याच्या काळातून दिवस कमी केले तर ओंबी लवकर बाहेर पडते, पण फुटवे कमी राहतात आणि एकूण पाने व मुळेही मर्यादित राहतात. फुलोऱ्यानंतरच्या काळातून कमी केले तर दाणा भरण्यालाच वेळ उरत नाही. लवकर येणारे अनेक वाण उत्पादनात मागे पडतात ते यामुळे. चांगला लवकर येणारा वाण मी त्याला म्हणेन, जो ओंबी लवकर काढतो, दाणा भरण्याचे दिवस राखून ठेवतो, आणि कमी दिवसांत पुरेसे फुटवे धरतो. या तीन गोष्टी एकाच रोपात आणणे किती अवघड आहे, याची जाणीव ठेवूनच या वाणाकडे पाहावे असे मला वाटते.

निफाडचे केंद्र 1932पासूनचे आहे. थंडीच्या दिवसांत ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा ते तापमान बहुधा कुंदेवाडीच्या याच गहू संशोधन केंद्रात नोंदलेले असते. वाणाच्या नावातली अक्षरेही तिथलीच आहेत: ‘एनआय’ म्हणजे निफाड, ‘ए’ म्हणजे सरबती गहू, ‘डब्ल्यू’ म्हणजे गहू, बन्सी गव्हाच्या वाणांत ‘ए’च्या जागी ‘डी’ येतो. ‘फुले’ हे नाव राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे.

नवा वाण तयार होतो तो असा. गव्हाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून संकर करायचा तर पराग पडण्यापूर्वी ओंबीतल्या प्रत्येक फुलाचे तिन्ही पुंकेसर चिमट्याने काढून टाकावे लागतात, ओंबीवर कागदी पिशवी चढवावी लागते आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून तिच्यावर टाकावा लागतो. दुसऱ्या पिढीपासून उंच, बुटकी, लवकर, उशिरा अशी सगळ्या प्रकारची रोपे निघतात. त्यातून निवड करत करत गुण स्थिर होईपर्यंत सहा ते आठ पिढ्या जातात. निवडलेल्या ओळीची आधी केंद्रावर चाचणी होते आणि मग हरियाणातल्या कर्नालहून चालणाऱ्या गव्हाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात ती अनेक ठिकाणी, प्रचलित वाणांच्या शेजारी, वेळेवरच्या आणि उशिराच्या पेरणीत वेगवेगळी तपासली जाते. तांबेऱ्याची, म्हणजे गव्हावरच्या बुरशीजन्य रोगाची, परीक्षा महाबळेश्वरच्या केंद्रात होते, जिथे रोगाचे बीजाणू मुद्दाम पिकावर सोडले जातात. संकराच्या दिवसापासून आपल्या दुकानात पिशवी येईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज लागतात. हे सगळे मी एवढ्यासाठी लिहिले की वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारस होणारे वाण थोडे असतात आणि फुले समाधान त्यांपैकी एक आहे. शिफारशीतले उत्पादन वेळेवरच्या पेरणीत हेक्टरी 45 ते 50 क्विंटल, उशिराच्या पेरणीत 42 ते 45 क्विंटल असे आहे, प्रथिनांचे प्रमाण 12.5 ते 13.8 टक्के दिलेले आहे, आणि प्रचलित वाणांपेक्षा 9 ते 10 दिवस लवकर तयार होतो असे म्हटलेले आहे.

पहिल्या वर्षी मी 12 नोव्हेंबरला एका एकरात हा वाण आणि शेजारच्या अर्ध्या एकरात त्र्यंबक (एनआयएडब्ल्यू 301) पेरला. एकच पाभर, एकच खत आणि एकाच दिवशीचे पाणी. वाणाची तुलना करायची तर ती अशीच करावी. मागच्या वर्षीच्या आठवणीशी केलेली तुलना बहुधा हवामानाची तुलना असते. त्या वर्षी मी एक चूक केली. मुकुटमुळे फुटताना 18 ते 21 दिवसांनी, कांडी धरताना 40 ते 45 दिवसांनी, फुलोऱ्यात 60 ते 65 दिवसांनी आणि चीक भरताना 80 ते 85 दिवसांनी पाणी द्यावे, हे वेळापत्रक आपल्याला पाठ असते. मी दोन्ही वाणांना याच दिवसांनी पाणी दिले. पहिले पाणी दोघांनाही योग्य वेळी मिळाले, पण त्यापुढे समाधान वेगाने निघाला. त्र्यंबक पोटरीत असताना याच्या ओंब्या बाहेर पडल्या होत्या, आणि फुलोऱ्याचे पाणी मी दिले तेव्हा याचा फुलोरा जवळजवळ संपला होता. लवकर येणाऱ्या वाणाला दिवस मोजून नव्हे, पिकाची अवस्था पाहून पाणी द्यावे लागते, ही गोष्ट पिशवीवरच्या माहितीत ठळक छापली जावी असे मला मनापासून वाटते. पाटाच्या आवर्तनावर अवलंबून असलेल्यांनी तर याचा विचार आधीच करून ठेवावा. आवर्तन सोडण्याची तारीख आपल्या पिकाच्या अवस्थेवर ठरत नाही.

एवढे होऊनही त्या वर्षी उत्पादन शिफारशीच्या खालच्या टोकापाशी आले आणि त्र्यंबकपेक्षा कमी पडले नाही. शेत मात्र आठवड्याहून अधिक आधी मोकळे झाले आणि शेवटचे पाणी वाचले. आमच्याकडे मार्चमधल्या एका पाण्याचे मोल किती असते, हे विहिरीचा तळ पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसाने पेरणी 9 डिसेंबरपर्यंत लांबवली, आणि या वाणाची खरी परीक्षा मी त्या वर्षी पाहिली. उशिराच्या पेरणीत वाणावाणांमधला दिवसांचा फरक कमी होत जातो, कारण फेब्रुवारीचे ऊन सगळ्यांनाच घाईने पिकवते. समाधान आणि त्र्यंबक यांच्या काढणीतले अंतर त्या वर्षी निम्म्यावर आले. पण एवढ्या अंतरानेही दाण्यात फरक पडला. समाधानची ओंबी कडक ऊन सुरू होण्याआधी फुलोऱ्यातून बाहेर पडल्याने तिच्या टोकाकडचे दाणेही बऱ्यापैकी भरले, तर त्र्यंबकच्या ओंबीत टोकाचे दाणे सुरकुतलेले निघाले. यात त्र्यंबकचा दोष नाही. तो वेळेवरच्या पेरणीसाठीचा वाण आहे आणि त्याला त्याच्या वेळेबाहेर मी पेरले होते. उशिराच्या पेरणीसाठी निफाडचाच एनआयएडब्ल्यू 34 हा जुना, पारखलेला वाण आहे. त्याच्याशी शेजारी-शेजारी तुलना मी अजून केलेली नाही, म्हणून त्यावर मत देत नाही.

उशिरा पेरताना बियाण्याच्या प्रमाणाकडे लक्ष द्यावे. वेळेवरच्या पेरणीत हेक्टरी 100 किलो, म्हणजे एकरी 40 किलो बियाणे पुरते आणि 40 किलोची एक पिशवी एका एकराला बरोबर होते. उशिरा पेरल्यास फुटवे कमी फुटतात, म्हणून हेक्टरी 125 किलो, म्हणजे एकरी 50 किलो बियाणे वापरावे आणि दोन ओळींतले अंतर 20ऐवजी 18 सेंटीमीटर ठेवावे. सवयीने एकरी एकच पिशवी आणणारा शेतकरी उशिराच्या पेरणीत दहा किलो कमी पेरतो, आणि मग पीक विरळ दिसले की वाणाला बोल लावतो.

तांबेऱ्याबद्दल मोजकेच लिहितो. शिफारशीत हा वाण तांबेऱ्यास प्रतिकारक म्हटला आहे आणि माझ्या शेतात तीन वर्षांत तांबेरा दिसला नाही. परंतु त्याच वर्षांत शेजाऱ्यांच्या इतर वाणांवरही तो आला नव्हता, तेव्हा माझ्या शेताने काही सिद्ध केले असे मी म्हणणार नाही. या बाबतीत महाबळेश्वरच्या चाचणीवरच विश्वास ठेवणे योग्य आहे. मावा मात्र उशिराच्या पेरणीत आला. शिवाय आजूबाजूचा गहू हिरवा असताना आपला एकट्याचा पिकू लागला की पाखरे तिथेच उतरतात, ही लवकर येणाऱ्या कोणत्याही वाणाची अडचण इथेही आहे.

तिसऱ्या वर्षी मला भेसळीचा त्रास झाला. एका दुकानातून घाईत घेतलेल्या पिशवीतले पीक ओंब्यांवर आले तेव्हा मधूनमधून वीतभर उंच आणि उशिरा निसवणारी (ओंबी बाहेर काढणारी) रोपे दिसू लागली. गव्हात वेळेचा फायदा घ्यायचा असेल तर अशी भेसळ फार महागात पडते, कारण काढणी शेवटी सर्वांत उशिरा पिकणाऱ्या रोपांसाठी थांबवावी लागते आणि तोपर्यंत आधी पिकलेल्या ओंब्या झडू लागतात. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे टॅग असते आणि त्याची उगवण क्षमता किमान 85 टक्के असावी लागते. ते टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. मी ती ठेवली नव्हती, त्यामुळे तक्रार करता आली नाही. याच पिशवीच्या शेजारी आदल्या वर्षीचे घरी राखलेले बियाणे पेरले होते, ते एकसारखे निसवले.

दाणा मध्यम टपोरा, सोनेरी झाक असलेला आणि आकर्षक आहे. बाजारात मात्र त्याला अजून स्वतःचे नाव मिळालेले नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक ‘लोकवन’ मागते. सौराष्ट्रातल्या सणोसराच्या लोकभारती संस्थेने काढलेल्या ‘लोक-1’ या वाणाचे नाव चाळीस वर्षांत इतके रुजले आहे की टपोरा दिसणारा कोणताही गहू त्या नावाने विकला जातो. लोकवनचा दाणा याच्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून आडतीवर पहिल्या नजरेत समाधान थोडा मागे पडतो. ओळखीच्या घरांना थेट विकलेला गहू मात्र दुसऱ्या वर्षी नाव घेऊन मागितला गेला, आणि याचे श्रेय मी पोळीला देतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे पीठ पाणी चांगले धरते, पोळी लाटताना आक्रसत नाही आणि सकाळची पोळी शेतात दुपारी दोनला उघडली तरी मऊ राहते. नवा गहू महिनाभर मुरू दिल्यावर हा फरक अधिक जाणवतो.

ज्यांची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हमखास होते आणि ज्यांच्याकडे मार्चपर्यंत पुरेसे पाणी आहे, त्यांना त्र्यंबक किंवा तपोवन हे वेळेवरच्या पेरणीचे वाण सोडून याच्याकडे वळण्याचे मोठे कारण मला दिसत नाही. सोयाबीन किंवा खरीप कांद्यामागून गहू घेणाऱ्या, शेवटच्या आवर्तनाची खात्री नसलेल्या आणि गव्हानंतर उन्हाळी मूग किंवा जनावरांसाठी चाऱ्याचे पीक घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याने तो निदान एका एकरात, आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी पेरून पाहावा. मी यंदा दोन एकरांत घरचे निवडलेले बियाणे पेरणार आहे, प्रति किलो 3 ग्रॅम थायरम या बुरशीनाशकाची प्रक्रिया करून. आणि बांधालगतच्या पाच गुंठ्यांत एनआयएडब्ल्यू 34 त्याच दिवशी पेरायचा, दोघांच्या निम्म्या ओंब्या कोणत्या तारखेला बाहेर पडतात ते लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे.