सावंतवाडीची चितारआळी: एक खुळखुळा, एक कारलं

मी स्वतः दुकानदार. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे, खिळे-स्क्रू, बिजागऱ्या, ऑइलपेंट. त्यामुळे परगावच्या दुकानात शिरलो की मालाआधी माझी नजर गल्ल्यावर जाते. मालक बसलाय की पगारी पोरगा? विचारलेली वस्तू न शोधता हाताला लागते का? एवढ्यावरून मला बरंच कळतं.

तर भाचीच्या मुलीचं बारसं म्हापशाला होतं. आम्ही आजरा-आंबोलीमार्गे निघालो. घाट उतरून दाणोलीला आलं की सरळ बांद्याला रस्ता फुटतो आणि मोबाइलमधली बाई हमखास तिकडेच वळवते. मुंबईकडून येणाऱ्यांचं तर त्याहून सोपं झालंय, झाराप-पत्रादेवी बायपासने गाडी सावंतवाडीला बाहेरून वळसा घालून थेट गोव्यात. म्हणजे मोती तलावाच्या काठचं हे गाव आता कुणाच्याच वाटेत येत नाही, मुद्दाम जावं लागतं. मीही गेलो नसतो. पण बाळाला काही घेतलंच नव्हतं, आणि बायको म्हणाली, "मॉलमधलं प्लॅस्टिक नेणार असशील तर मी गाडीतून उतरत नाही."

चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं एकाला लागून एक आहेत. आम्ही ज्यात शिरलो त्याला पाटी आहे, पण तिच्यासमोर पाळणे आणि बैलगाड्या इतक्या टांगल्यात की नाव मला अर्धंच दिसलं, ते इथे लिहून चुकवत नाही. खूण सांगतो. दारात पांगुळगाड्यांची चळत, आत गल्ल्यावर साठीच्या काकू, आणि पाठीमागून लेथचा आवाज. त्या आवाजावर जा.

"खंयसून इलात?" काकूंनी विचारलं. मी कोल्हापूर म्हटलं आणि थेट फळांच्या टोपलीकडे वळलो. सावंतवाडीची फळं-भाज्या बघितली नसतील त्यांना सांगतो, आकार खऱ्या फळाचा, रंग खऱ्या फळाचा. काजूच्या बोंडावर पिवळ्यातून लाल कसा चढत जातो तोसुद्धा बरोबर. मी रंग विकतो, मला ठाऊक आहे दोन रंग एकमेकांत असे विरघळवायला हात किती हलका लागतो. वांग्याच्या देठाला काटे होते. कारलं तर मी पाच मिनिटं फिरवत बसलो. त्यावरचा एकेक उंचवटा कोरलेला. कडांना कुठे लांबी भरून सारवासारव केलेली नाही, पॉलिश पेपरही शेवटपर्यंत नीट फिरवलेला. वजनाला अगदी हलकं. पूर्वी हे सगळं पांगाऱ्याच्या लाकडात व्हायचं, आता पांगारा तसा मिळत नाही म्हणून आंब्याचंही वापरतो, असं काकूंनी न विचारता सांगितलं.

मी टोपली उचलली. "बाळासाठी," म्हटलं.

"बाळ केवढा?"

"बारसं आहे उद्या."

"मगे ह्यां नको. तोंडात घालतला. ह्यो ऑइलपेंट. तो वरचो खुळखुळो घेवा, लाखेचो."

टोपली होती ५६० रुपयांची, खुळखुळा १२० चा. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी आजतागायत टाळतोय.

लाखेचा म्हणजे काय, ते बघायला त्यांनी आम्हाला मागे नेलं. त्यांचा मुलगा लेथवर बसला होता. लाकडाचा तुकडा गरगर फिरतोय आणि तो त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतोय. घासून घासून जी उष्णता होते तिनेच लाख वितळते आणि लाकडाला चिकटते. ब्रश नाही, थिनर नाही. मग केवड्याच्या पानाचा तुकडा त्यावर दाबला, आणि मंद दिसणारा रंग दोन क्षणांत आरशासारखा चमकायला लागला. मी चाळीस वर्षं पॉलिश विकतोय. मुकाट्याने बघत राहिलो.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी विश्वास ठेवत नाही.

दुपारी एक ते चार आळी झोपते. आम्ही साडेबाराला पोचलो म्हणून निभावलं, अर्धा तास उशीर झाला असता तर बंद फळ्या बघून बारशाला रिकाम्या हाताने गेलो असतो. पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्र आणि सुतळी, यापलीकडे काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आळीत जे जे मांडलंय ते सगळं इथलं नाही. शेजारच्या एका दुकानात (नाव घेत नाही) मला एक आगगाडी "एकदम लोकल" म्हणून दाखवली. तिच्या चाकाखाली दुसऱ्याच गावाचा स्टिकर होता, अर्धवट खरवडलेला. बाहेरचा माल ठेवू नये असं मी म्हणणार नाही, मीही लुधियानाचे नटबोल्ट विकतो, पण ते कोल्हापूरचे म्हणून विकत नाही. आमच्या काकूंकडेही दोन फळ्यांवर बाहेरचा माल होता. विचारल्यावर त्यांनी बोटाने दाखवलं, "ह्यो आमचो, तो भायरचो." भायरचो स्वस्त होता, तेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा आळीत गेलात तर हा एक प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघा.

टोपली बायकोने शेवटी स्वतःसाठी घेतली, शोकेसमध्ये ठेवायला. बाळ मोठं झाल्यावर खेळेल म्हणून भातुकलीही घेतली, ६५० ची. चूल, जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं. जात्याचा खुंटा खरंच फिरतो. बेरीज १३३०. मी सवयीने "बाराशे करा" म्हटलं. आमच्याकडे चप्पल लाईनीत बाहेरगावचे लोक हाताने शिवलेल्या कोल्हापुरीची घासाघीस करतात तेव्हा मीच त्यांना नावं ठेवतो, हे त्या वेळी आठवलं नाही. काकू हातात लाकडी वांगं धरून म्हणाल्या, "भाजयेचा दुकान न्हय हां ह्या." बायको इतकी हसली की मी गुपचूप पूर्ण पैसे दिले. काकूंनी वर एक भोवरा घातला, तो मात्र मी मागितला नव्हता.

राजवाडा तिथून जवळच आहे, वेळ असेल तर गंजिफा बघा. हातांनी रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचा पूर्ण जोड १२० पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला जवळजवळ संपली होती, १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. कारागीर तिथेच दरबार हॉलमध्ये बसून रंगवतात. पूर्ण जोडाची किंमत हजारांत आहे. आम्ही बघून निघालो, खोटं कशाला सांगू.

म्हापशाला खुळखुळा बाळाच्या हातात दिला, तो अर्थातच सरळ तोंडात गेला. त्याच टेबलावर गेल्या वर्षी मीच फोनवरून मागवलेला एक "हस्तकला" डमरू पडला होता, थोरल्या पोरासाठी पाठवलेला. त्याचा लाल रंग कडेला उडून आत पांढरं प्लायवूड दिसत होतं. मी तो सोफ्यामागे सरकवला.

पाचपैकी चार. एक गुण पॅकिंगचा कापला. कारण घरी येऊन टोपली उघडली तर कारल्याचं देठ सुटलेलं. देठ वेगळं करून खुंटीने बसवलेलं असतं, ती खुंटी आंबोली घाटातल्या वळणांवर निघाली असणार. बिलावर हाताने लिहिलेला नंबर होता, त्यावर फोन केला. काकूंनी ओळखलं. "फेव्हिकॉल लावा. नायतर घेवन येवा, नवा देतंय."

फेव्हिकॉलचे डबे माझ्या पाठीमागच्या फळीवर ओळीने उभे आहेत. कारलं दीड महिना झाला गल्ल्यावर तसंच पडलंय, बिनदेठाचं. गणपतीनंतर आंबोलीकडे जायचं चाललंय, तेव्हा बघू.