पाचव्या फोटोतले आकडे मी वाचले नाहीत

18,350 रुपये गेले. तीन वेळा, माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. घरात नवरा सोडून कोणाला सांगितलेलं नाही, सांगायची लाज वाटते. पण पावसाळा सरला की ट्रेकवाले आणि जिओकॅशिंगचं, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेल्या डब्या शोधायच्या खेळाचं, वेड लागलेले लोक सेकंडहँड जीपीएस शोधायला लागतात आणि मला फसवणारा माणूस तिथे टपून बसलेला आहे, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी जर्मनीत भाच्याकडे गेले होते. त्याने मला पहिली कॅश, म्हणजे या खेळातली लपवलेली डबी, शोधायला लावली. बागेतल्या बाकाखाली लोहचुंबकाने चिकटवलेली बोटाएवढी डबी, आत गुंडाळलेला कागद, त्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं. मीही माझं नाव लिहिलं आणि तिथेच अडकले. पुण्याला परतले ती हातात धरायचं जीपीएस घ्यायचं ठरवूनच.

‘मोबाईल आहे की!’ असं दहा जणांनी ऐकवलं. रेंज नसली तरी मोबाईलचं जीपीएस चालतं, ते मलाही कळतं. पण भर पावसात ओल्या बोटांना तो दाद देत नाही, आणि संध्याकाळी गड उतरताना बॅटरी संपली की तो नुसता खिशातला दगड. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स या हातातल्या जीपीएसला बटणं आहेत, दोन पेन्सिल सेलवर तो पंचवीस तास चालतो, आणि सेल पायथ्याच्या दुकानातही मिळतात. त्याचं 22 एक्स मॉडेल घ्यावं की 32 एक्स, यात महिना गेला. 22 एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. चालत असलात तर तो दिशा नीट दाखवतो, थांबलात की बाण भरकटतो. आणि कॅशच्या शेवटच्या दहा मीटरांत आपण थांबून झाडाच्या ढोलीत, दगडाखाली डोकावतच असतो. 32 एक्सला होकायंत्र आहे, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा अल्टिमीटरही आहे. एवढा अभ्यास करून मी 32 एक्स शोधत होते. आंधळेपणाने उडी मारलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

नवा परवडत नव्हता. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत एक सापडला, 13,500 रुपये, ‘फक्त दोन सीझन वापरलेला’. विकणारा नाशिकचा, स्वच्छ मराठी बोलणारा. प्रत्येक मेसेज ‘जय शिवराय’ने सुरू. हरिहरच्या पायऱ्या, अंजनेरी, साल्हेर, सगळं बोलला. ‘ताई, साल्हेरच्या माथ्यावर यानेच 1567 मीटर दाखवले होते.’ साल्हेरची उंची कोणालाही शोधून मिळते, हे आज सुचतंय. त्या वेळी वाटलं, आपल्यातलाच माणूस. सगळ्यात जास्त चीड याची येते. पैशांच्या आधी त्याने महाराजांचं नाव वापरलं.

त्याने आठ फोटो पाठवले. पाचव्यात सॅटेलाइट पेज उघडं होतं. ज्यांनी हे यंत्र हाताळलंय त्यांना माहीत आहे, त्या पानावर वरच्या बाजूला आपण उभे असतो तिथले अक्षांश-रेखांश दिसतात. मी तो फोटो बोटांनी मोठा केला. कशासाठी? काचेच्या कोपऱ्यात एक ओरखडा होता, तो किती खोल आहे ते बघायला. ओरखडा निरखून पाहिला आणि त्याच्या वरच लिहिलेलं होतं N 51°, खाली W 002°.

नाशिक N 20° आणि E 73° च्या आसपास आहे. भारतभर कुठेही जा, रेखांश E म्हणजे पूर्वच येणार, W म्हणजे पश्चिम कधीच नाही. N 51°, W 002° म्हणजे इंग्लंड. फोटो कुठल्यातरी परदेशी विक्रेत्याचे उचललेले होते. ज्या खेळात अक्षांश-रेखांश वाचणं हेच सगळं काही, त्या खेळासाठी यंत्र घेताना मी तेच वाचले नाहीत. रात्री झोपताना तो फोटो डोळ्यांसमोर येतो.

1,500 टोकन दिले. यूपीआयवर नाव दुसऱ्याचंच आलं, तर म्हणे मेव्हण्याचं खातं आहे. इथे थांबा. नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका, मेव्हणा असो की काका. मग कुरियरच्या पावतीचा फोटो आला, बाकीचे 12,000 दिले. दुसऱ्या दिवशी ‘एअर कार्गोच्या सिक्युरिटी’तून फोन. पार्सलमध्ये सॅटेलाइट उपकरण आहे, परवाना नाही, 4,850 डिपॉझिट भरा, परत मिळेल, नाहीतर केस होईल. मी घाबरले. आपल्याकडे सॅटेलाइट फोनला परवानगी लागते, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे कम्युनिकेटर जवळ बाळगल्याने विमानतळावर परदेशी प्रवाशांना अडवल्याच्या बातम्याही मी वाचल्या होत्या. पण ईट्रेक्स उपग्रहाकडून फक्त सिग्नल घेतो, पाठवत काहीच नाही. त्याला तो नियम लागूच नाही. हे मला माहीत होतं! तरी समोरचा ‘केस’ म्हणाला आणि मी 4,850 पाठवले. पुढे 9,700 मागितले तेव्हा डोळे उघडले.

आता मदतीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावला, चौथ्यांदा लागला. तक्रार नोंदली, नंबर मिळाला, एवढंच. बँकेत गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘तुम्हीच पाठवलेत ना, मग आम्ही काय करणार?’ रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला संरक्षण आहे, पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांना. मी स्वतः पिन टाकला, म्हणजे माझा प्रश्न संपला. फसवून टाकायला लावलेला पिन आणि राजीखुशीने टाकलेला पिन यांत बँकेला फरक दिसत नाही!

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. ‘जीपीएस म्हणजे गाडीला लावतात ते का?’ इथपासून सुरुवात. मग ‘मॅडम, आरोपी नाशिकचा, तिकडे द्या.’ अहो, तो नाशिकचा नाहीच, तेच तर सांगतेय! 1 जुलै 2024 पासून हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी बोलले तर ‘कायदा आम्हाला शिकवू नका’. सायबर पोलिसांकडे पाठवलं, त्यांनी रक्कम लहान म्हणून परत ठाण्याकडे. 18,350 लहान! माझे चार महिने साठवलेले पैसे आहेत ते. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, एफआयआर अजून नाही. त्या ‘मेव्हण्याच्या’ खात्यात 640 रुपये गोठवलेत म्हणे, आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा.

त्यातच एकाचा फोन आला, 2,000 द्या, सगळे पैसे परत मिळवून देतो. तोही त्यातलाच. फोन उचलू नका.

जुनं यंत्र घ्यायचंच असेल तर समोर बसून घ्या. ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर उघड्या आकाशाखाली सॅटेलाइट पेज दाखवायला सांगा आणि आकडे नकाशावर टाकून बघा. सेटअपमध्ये अबाउटचं पान उघडायला लावा, मॉडेल आणि युनिट आयडी तिथे दिसतो. सेल काढून खालची मेमरी कार्डची खाच दाखवायला सांगा. हातात यंत्र नसलेला माणूस इथे कारणं सांगायला लागतो.

मी जाहिरातीची तक्रार केली होती, उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. काल ती पुन्हा दिसली. आता गाव कोल्हापूर, किंमत 12,800, नाव वेगळं. पाचवा फोटो तोच, कोपऱ्यात तोच ओरखडा, वर N 51°.