काळा, फॉन की चॉकलेट? लॅबचा रंग आणि त्याचा स्वभाव

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. लॅब्रेडॉर, म्हणजे लॅब जातीच्या कुत्र्याची एकाच वेतातली पिल्लं बघून आला होता. दोन काळी, एक फॉन म्हणजे फिकट पिवळं, एक चॉकलेट म्हणजे तपकिरी. "काका, घरचे म्हणतात काळा नको, काळे लॅब तापट निघतात. आणि चॉकलेट म्हणे चक्रम असतात. खरंय का?"

आमच्याकडे भैरू होता, काळा, 2009 ते 2020. 2021 पासून खारी आहे, फॉन. आणि मेहुण्याची कॉफी, चॉकलेट, दर दिवाळीत आणि मे महिन्यात पंधरा-पंधरा दिवस आमच्याकडेच मुक्कामाला असते. तीन रंग, तीन कुत्री. एवढ्यावर शास्त्र उभं राहत नाही हे मलाही कळतं. पण तिघांची नखं कापली आहेत, तिघांचे कान पुसले आहेत, तेव्हा दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

मुळात एका वेतात तीन रंग निघतात यातच अर्धं उत्तर आहे. लॅबच्या रंगाचा कारभार मुख्यतः दोन जनुकांकडे असतो. गडद रंग केसात उतरू द्यायचा की नाही, हे एक ठरवतं. तो रंग काळा की तपकिरी, हे दुसरं. पहिल्याने नाही म्हटलं की पिल्लू फॉन. फॉन कुत्र्याच्या नाकावर आणि पापण्यांच्या कडेला तो काळा रंग बहुधा दिसतोच, फक्त केसात उतरलेला नसतो. म्हणून दोन काळ्यांच्या पोटी फॉन पिल्लू येऊ शकतं, पण दोन फॉनच्या पोटी काळं येत नाही. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब, 1899 सालचा इंग्लंडमधला बेन ऑफ हाइड, काळ्याच आईबापांचा. म्हणजे तुम्ही बघताय ती काळी आणि फॉन पिल्लं सख्खी भावंडं आहेत. आपल्या घरातही एक भाऊ गोरा आणि एक सावळा असतो, त्यावरून तापट कोण हे कोणी ठरवत नाही. (काही घरांत ठरवतातही, पण तो विषय वेगळा.)

आता अभ्यास काय म्हणतात ते. ब्रिटनमध्ये सुमारे दोन हजार लॅबच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती, 2014 साली ते छापून आलं. त्यात चॉकलेट लॅब काळ्यांपेक्षा जास्त उत्तेजित होणारे, दुर्लक्ष केलं की अस्वस्थ होणारे आणि शिकवायला थोडे जड निघाले. हे वाचून मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला, "हे सांगायला दोन हजार लोक कशाला लागले?" पण त्याच अभ्यासात हेही आहे की ज्या कुत्र्यांना जास्त फिरवलं जातं ती कमी आक्रमक आणि कमी घाबरट असतात. आणि शिकारीच्या कामावरचे लॅब घरगुती लॅबपेक्षा शिकायला सरस. आता कामाचे लॅब पैदा करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या काळ्यांकडेच झुकलेले. चॉकलेट पैदा करणारे रंगाकडे बघून जोडी लावतात, कारण तो रंग हमखास हवा तर आई आणि बाप दोन्हींकडून तो यावा लागतो. मग फरक रंगाचा की घराण्याचा? मला घराण्याचा वाटतो. चुकत असेन.

कोणी कॉकर स्पॅनियल या दुसऱ्या जातीच्या कुत्र्यांचा दाखला दिला तर तोही ऐकून ठेवा. 1996 च्या ब्रिटिश पाहणीत एकरंगी कॉकर ठिपकेवाल्यांपेक्षा जास्त चावरे निघाले, आणि एकरंगींमध्ये सर्वांत वर होते लालसर-सोनेरी, काळे त्यांच्या खाली. म्हणजे तिथेही "काळा तो तापट" हे जमत नाहीच. शिवाय एकरंगी आणि ठिपकेवाल्या कॉकरची पैदास बरीचशी वेगवेगळी चालत आली आहे. पुन्हा घराणंच.

रंगाचा सरळ परिणाम होतो तो बघणाऱ्यावर. 2013 चा एक साधा प्रयोग आहे. एकाच कुत्र्याचा फोटो घेऊन त्याचा रंग एकदा काळा केला, एकदा पिवळा, आणि लोकांना विचारलं, हा स्वभावाने कसा वाटतो? पिवळा जास्त मनमिळाऊ आणि शांत वाटला. कुत्रा तोच!

हे मला प्रयोगाशिवायही कळलं असतं. भैरू लिफ्टमध्ये असला की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्याने जायच्या. खारी असली की त्याच वहिनी लिफ्टमध्ये शिरून तिच्या हनुवटीखाली खाजवतात. स्वभाव विचाराल तर उलटा प्रकार होता. भैरूच्या ताटातून हाडूक काढून घेतलं तरी तो फक्त तोंडाकडे बघायचा, "झालं का तुमचं?" अशा नजरेने. खारी मात्र घाबरट. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी चारलाच बाथरूममध्ये जाऊन बसते ती रात्री अकराला बाहेर येते. शनिवारी भैरूचे दिवस फिरायचे. त्या दिवशी काळ्या कुत्र्याला पोळी घातली की साडेसाती सौम्य होते म्हणे, त्यामुळे सहा दिवस त्याच्यापासून लांब पळणारी माणसं सातव्या दिवशी तेल लावलेली पोळी घेऊन दारात. लॅबला नाही म्हणता येत नाही. तसं 2016 साली केंब्रिजच्या लोकांनी दाखवलंच आहे, जवळपास एक चतुर्थांश लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री जास्त खादाड असतात. भैरू त्यातला असणार. डॉक्टर वजनकाट्याकडे बघून म्हणायचे, "शनी पावला दिसतोय."

तर स्वभावाला गुण द्यायचे तर माझ्या घरात काळा पहिला, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही भैरू गेल्यावर वर्षभराने पिल्लू आणायला गेलो तेव्हा मी फॉन उचललं. त्याचं कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. गोचीड.

भैरू चार वर्षांचा होता. पाऊस चांगला झालेला, आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गुडघाभर गवत. ऑगस्टच्या मध्यावर तो पट्टा घालताना गुरगुरायला लागला. आधी हलकं, मग ओठ वर करून. मानेपाशी हात नेला की अंग चोरायचा. आयुष्यात न गुरगुरलेला कुत्रा! घरात कुजबुज सुरू झाली: काळाच तो, कधीतरी दाखवणारच होता. एका ट्रेनरला बोलावलं. त्याने भैरूकडे उभ्या उभ्या बघून निदान केलं. "ब्लॅक लॅब ना? डॉमिनंट असतात. चार वर्षांचा झाला की डोकं वर काढतो. तुम्ही ऐकू नका, पट्टा घालायचाच, घट्ट." मी तीन आठवडे त्याचं ऐकलं. रोज सकाळी जबरदस्तीने पट्टा, रोज गुरगुर. एकदा त्याने माझं मनगट दातात धरलं. दाबलं नाही, नुसतं धरलं.

मग एका रात्री वीज गेली. भैरू माझ्या पायाशी आडवा होता. अंधारात सहज त्याच्या कानामागे हात गेला आणि बोटांना काहीतरी खरखरीत लागलं, पापडाला चिकटलेल्या जिऱ्यासारखं. टॉर्च दातात धरला, दोन्ही हातांनी केस फाकवले. कानाच्या घडीत ओळीने गोचीड. काही तिळाएवढ्या, तीन-चार फुगून हरभऱ्याएवढ्या झालेल्या, राखाडी. खालची कातडी लालभडक, एका ठिकाणी चिघळलेली. पट्टा नेमका तिथे घासत होता. दुसऱ्या कानातही तेच, पंजांच्या बेचक्यांतही. चिमट्याने एकेक काढून वाटीत टाकत गेलो, तेवीस झाल्या. तो हूं की चूं न करता पडून राहिला. तीन आठवडे गुरगुरणारा कुत्रा!

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. प्लेटलेट खाली गेलेल्या, अंगात ताप. टिक फिवर. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर चालल्या. भैरू तापट झाला नव्हता, तापला होता. पाचव्या दिवशी पट्टा घेऊन गेलो तर स्वतःहून मान पुढे केली. मनगटावर दाताची खूणसुद्धा नव्हती, तरी मी बरेच दिवस तिथे बघत असायचो.

काळ्या केसात तपकिरी तीळ दिसत नाही हो. दिवसाउजेडी, चष्मा लावून, हातभर अंतरावरून दिसत नाही. बोटांनी चाचपत जावं लागतं, रोज, आणि आपण रोज जात नाही. खारी अंगणातून आत येते आणि मला सोफ्यावरून दिसतं, कणकेवर तीळ सांडावा तशी गोचीड तिच्या मानेवर चालताना. चिकटायच्या आत उचलली जाते. कातडी लाल झाली, पुरळ आलं, चिखल्या झाल्या, सगळं दिसतं. ती कधी कुरकुरली तर कुठे दुखतंय हे मला पाच मिनिटांत सापडतं. भैरूच्या बाबतीत तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही त्याचा स्वभाव ठरवून मोकळे झालो होतो.

तुम्ही म्हणाल, गोळी द्या की महिन्याची, गोचीड येणारच नाहीत. देतोच. पण गोळी लागू व्हायला गोचीड आधी चावावीच लागते. शिवाय आपल्याकडे जून ते ऑक्टोबर एखादी तारीख चुकतेच. माझी चुकते.

चॉकलेटबद्दल मी कमी बोलतो, कारण कॉफी माझी नाही. पण तिचंही गाडं कानापाशीच अडतं. रात्री दोन वाजता फट्‌फट्‌ फट्‌फट्‌ कान झाडल्याचा आवाज, आणि सकाळी कानातून आंबलेल्या पिठासारखा वास. औषध घालताना ती दात दाखवते आणि मेहुणा म्हणतो, "चक्रम आहे." ब्रिटनमध्ये तेहतीस हजारांवर लॅबच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या होत्या, 2018 साली ते आलं. कानाचं दुखणं काळ्यांमध्ये सुमारे 13 टक्के, फॉनमध्ये 17 आणि चॉकलेटमध्ये 23. आयुष्यही कमी: इतर रंगांचं साधारण 12.1 वर्षं, चॉकलेटचं 10.7. रंगाच्या हट्टापायी मोजक्याच घराण्यांत जोड्या लागत राहिल्या, हे त्यामागचं कारण असावं असं अभ्यास करणाऱ्यांचं मत. भारतातल्या चॉकलेट लॅबचंही हेच असेल असं मी म्हणणार नाही. पण जास्त पैसे मोजून घ्यायच्या रंगाला आईबापांची चौकशी जास्त करावी, एवढं नक्की. आणि "सिल्व्हर लॅब" म्हणून कोणी राखाडी पिल्लू दाखवलं तर चहा पिऊन उठा, तो लॅबच्या मान्य रंगांत नाहीच.

लक्षात घ्या, याच आकड्यांत काळा फॉनपेक्षा बरा आहे. मी ते लपवत नाही.

फॉनचा त्रासही सांगतो. केस. गळतात तिघांचेही सारखेच, पण आपले सोफे, पँटी आणि शाळेच्या निळ्या युनिफॉर्मचे स्कर्ट बघता फॉनचे दिसतात. आमच्या गाडीच्या मागच्या सीटचा मूळ रंग आता कोणालाच आठवत नाही. पावसात चिखलही दिसतो. भैरू चिखलातून आला तरी चिखल फरशीवर उमटल्यावरच कळायचं. बायकोचं मत आजही काळ्याकडे आहे, आणि झाडू तिच्या हातात जास्त वेळ असतो हे मान्य.

पुतण्याला म्हणालो, स्वभाव बघायचा तर पिल्लाच्या रंगाकडे नको, आईकडे बघ. अनोळखी माणूस पिल्लांजवळ आला की ती काय करते? आई समोर आणत नसतील तर तिथून घेऊच नको. मग पिल्लू मांडीवर उताणं धर, जरा धडपडून शांत होतंय का बघ. किल्ल्यांचा जुडगा मागे टाक. दचकून परत वास घ्यायला आलं तर उत्तम. हे झाल्यावर दोन पिल्लं सारखीच आवडली, एक काळं आणि एक फॉन, तर मी आपला फॉन उचलेन. तुझ्या घरी कोणी रोज रात्री दहा मिनिटं बसून अंगावरून बोटं फिरवणारं असेल तर काळा घे, लिफ्टमधल्या लोकांचं काय ते आपण बघून घेऊ.

काल त्याचा मेसेज आला. काळा घेतला. सूनबाईंनी आधीच ठरवलं होतं म्हणे, मला फोन नुसता विचारायचा म्हणून केला होता. रविवारी दाखवायला आणतायत. मी बोहारआळीतून बारीक दातांची एक लाकडी फणी आणून ठेवली आहे, आणि टॉर्चचे सेल बदललेत.