हत्ती प्राणिसंग्रहालयातच ठेवावा की अभयारण्यात हलवावा?

या वादात सगळ्यात आधी पुढे केला जातो तो जागेचा आकडा. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेचा निकष एका हत्तीमागे साधारण ५०० चौरस मीटर मोकळं आवार मागतो. टेनेसीत १९९५ साली सुरू झालेलं, बंदिवासातून आणलेल्या हत्तींना सांभाळणारं अभयारण्य हजार हेक्टरांहून मोठं आहे. कुंपण तिथेही असतंच म्हणा. पण माझ्या मते निर्णय घेणाऱ्याने आधी हत्तीचे पाय बघावेत, मग त्याला सोबत कोणाची आहे ते.

बंदिवासातले कितीतरी हत्ती पायांच्या दुखण्याने दगावतात. दिवसभर काँक्रीटवर उभं राहायचं, चालणं जेमतेम. तळव्याला भेगा पडतात, नखाशी गळू होतं, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. त्यात संधिवात असला की हत्ती आडवा व्हायलाच धजत नाही, कारण पुन्हा उठता येईल याची खात्री नसते. माती, चढउतार आणि चिखल इथे अभयारण्याचं पारडं जड करतात. प्राणिसंग्रहालयही काँक्रीट उखडून वाळूचा जाड थर टाकू शकतं, पण चालायला जागा कुठून आणणार? मात्र झिजलेले सांधे अभयारण्यातही भरून येत नाहीत. टोरांटोच्या प्राणिसंग्रहालयातल्या तीन हत्तिणी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभयारण्यात गेल्या. त्यांतली इरिंगा सांध्यांच्या आणि पायांच्या जुन्या दुखण्याने २०१५ मध्ये दगावली. म्हणजे हलवायचंच असेल तर दुखणं हाताबाहेर जाण्याआधी.

सोबतीचा प्रश्न काही वेळा अगदीच सोपा असतो. इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयातला हत्ती कावन, जोडीदारीण सहेली २०१२ मध्ये गेल्यावर, एकटाच डोकं हलवत उभा असायचा. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२० मध्ये तो विमानाने कंबोडियातल्या अभयारण्यात गेला. एकट्या हत्तीच्या बाबतीत घोळ घालायचं कारणच नाही. उलट आई, मुलगी, नात एकत्र नांदत असतील तर तो कळप मोडू नये. न्यायचेच तर सगळे एकत्र न्यावेत. अनोळखी हत्तिणींचं पटेलच असं नाही.

प्रवासाची भीती मला थोडी फुगवलेली वाटते. ब्वेनोस आयरेसची हत्तीण मारा २०२० मध्ये ट्रकने ब्राझीलच्या अभयारण्यात पोहोचली. खरा वेळ लागतो तो आधीच्या तयारीला: हत्तीने वाहतुकीच्या पेटीत आपणहून शिरावं, आत शांत खावं, पाय तपासायला बाहेर द्यावा. ‘वय झालंय, झेपणार नाही’ असं कोणी म्हणालं, तर हे मत प्राणिसंग्रहालयाबाहेरच्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावं.

तिसरी वाटही आहे: दुसरं, मोठं प्राणिसंग्रहालय. लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयाने २०२५ मध्ये बिली आणि टीना या हत्तींना, अभयारण्याची मागणी होत असताना, टल्साच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. तिथे कळप मिळतो, पण प्रेक्षकही तसेच राहतात.

अभयारण्य निवडताना मात्र डोळे झाकून विश्वास नको. टेनेसीच्या त्याच अभयारण्यात २००९ मध्ये हत्तीकडून कर्मचाऱ्यांना क्षयाचा संसर्ग झाला होता, त्यामुळे क्षयाची चाचणी आणि विलगीकरण कसं करतात ते आधी विचारा. प्रौढ नर ठेवायची सोय सगळीकडे नसते. शिवाय तिकीटबारी नसल्याने बहुतेकांचा गाडा देणग्यांवर चालतो आणि हत्ती अजून तीस वर्षंही जगू शकतो. तेवढ्या काळाची तजवीज लेखी दाखवायला सांगा.