ऑर्डरचा डीएनए: माल उत्तम, चाळणी अर्धवट

ए, टी, जी, सी या डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर विक्रेत्याच्या वेबसाइटवरच्या खिडकीत चिकटवायचा, पैसे भरायचे, आणि एक-दोन आठवड्यांत कोरड्या डीएनएची इवलीशी नळी कुरिअरने दारात. जनुक लिहून देणारी सेवा आज इतकी सरळ झाली आहे. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचे नाही. ते या सेवेतल्या सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या टप्प्याचे आहे: पैसे भरल्यानंतर आणि यंत्र सुरू होण्याआधी होणारी सुरक्षेची चाळणी. सरकारने संशोधनाला लगाम घालावा की नाही, यावर तात्त्विक वाद पुष्कळ होतात. प्रत्यक्षात तो लगाम कसा दिसतो, कुठे काचतो आणि कुठे सैल राहतो, हे मात्र या ऑर्डरच्या खिडकीवर कळते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. चाळणी हवीच. आक्षेप एवढाच की ती सगळ्यांना सारखी लागत नाही, आणि जिथे लागते तिथे लहान प्रयोगशाळांनाच जास्त जाचते.

ऑर्डर नाकारली जाते तेव्हा कारण दोनांपैकी एक असते: 'बनवता येत नाही' किंवा 'देता येत नाही'. या दोहोंत गल्लत झाली की भलत्याच पत्रव्यवहारात आठवडा जातो.

'बनवता येत नाही' हा रसायनाचा मामला. डीएनएची साखळी एकेक बेस, म्हणजे एकेक अक्षर, जोडत वाढते आणि कुठलीच जोडणी शंभर टक्के होत नाही. प्रत्येक फेरीत ९९.५ टक्के यश धरले तरी २०० बेसच्या साखळीत पूर्ण लांबीच्या फक्त सुमारे ३७ टक्के उरतात. यश ९९ टक्क्यांवर घसरले, तर १३-१४ टक्के. म्हणून लांब जनुक सलग बनत नाही, छोटे तुकडे करून ते एकमेकांना सांधतात. या सांधकामात पुनरावृत्ती फार नडते. तोच २०-२५ बेसचा मजकूर दोन ठिकाणी आला की तुकडे भलत्याच जागी चिकटतात. जीसीचे, म्हणजे जी आणि सी या अक्षरांचे, प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर किंवा २५ च्या खाली, एकाच अक्षराची लांबलचक रांग, टोकांजवळ घडी घालणारा भाग, ही बाकीची नेहमीची कारणे. उपायही ठरलेले आहेत: प्रथिन तेच ठेवून कोडॉन (प्रथिनाचा एकेक घटक सांगणारे तीन अक्षरी शब्द) बदलणे, किंवा जनुक दोन भागांत मागवून २०-४० बेसच्या सामाईक टोकांवर आपल्याकडे जोडणे. बहुतेक विक्रेत्यांची वेबसाइट ही तपासणी पैसे भरण्याआधीच करून दाखवते. सेवेचा हा भाग निर्दोष म्हणावा असा आहे.

'देता येत नाही' हे प्रकरण वेगळे. मोठ्या विक्रेत्यांचा आंतरराष्ट्रीय गट २००९ पासून एक समान कार्यपद्धती पाळतो. ऑर्डरचा अनुक्रम (अक्षरांचा क्रम) सहाही वाचन-चौकटींत, म्हणजे तो वाचता येण्याच्या सहाही प्रकारांनी, प्रथिनात उलगडायचा, नियंत्रित रोगजंतू आणि विषद्रव्यांच्या यादीशी ताडायचा, आणि खूण लागली की माणसाने तपासायचे. त्याच्या जोडीला ग्राहकाची पडताळणी आणि आठ वर्षे नोंदी जपणे. अनुक्रम प्रथिनाच्या पातळीवर ताडला जातो, त्यामुळे कोडॉन बदलल्याने खूण पुसली जात नाही. कोडॉन बदलून पाठवलेले निरुपद्रवी जनुकही का अडकले, असे विचारणाऱ्यांना याचे उत्तर इथे आहे.

खोट्या खुणा कुठे लागतात, तेही पाहू. ॲन्थ्रॅक्सचा जिवाणू आणि मातीतला बॅसिलस सेरियस यांची पेशीच्या रोजच्या कामाची कितीतरी जनुके जवळजवळ सारखी आहेत. जुळणीत पहिले नाव ॲन्थ्रॅक्सचे आले की ऑर्डर थांबते, जनुक साध्या चयापचयाचे असले तरी. लस आणि प्रतिपिंडांवर काम करणारे इबोला विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचे जनुक मागवतात, तिथे खूण लागायचीच. ते एकटे जनुक म्हणजे विषाणू नव्हे, पण हे ठरवायला माणूस लागतो, आणि माणूस लागला की दिवस लागतात.

हे दिवस कमी करणे बऱ्यापैकी ग्राहकाच्या हातात आहे. विचारणा येण्याची वाट न पाहता ऑर्डरसोबतच चार-पाच ओळींचे वापरपत्र जोडावे: जनुक कशाचे, पूर्ण की अर्धे, कोणत्या वाहकात (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएत) आणि कोणत्या यजमान पेशीत जाणार, काम कोणत्या जैवसुरक्षा पातळीवर होणार, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या मंजुरीचा क्रमांक काय. ई-मेल संस्थेचा असावा. सर्वांत जास्त घोळ होतो तो नावाचा. ऑर्डर खरेदी विभागातल्या कर्मचाऱ्याच्या नावाने जाते, त्याला जनुक म्हणजे काय याचा पत्ता नसतो, आणि विक्रेत्याचा प्रश्न त्याच्या टपालात पडून राहतो. मध्यस्थ वितरकामार्फत मागवल्यास अंतिम वापरणारा कोण, हे लिहिलेले नसले की गाडी तिथेच थांबते. माल दुसऱ्या देशातून येणार असेल तर निर्यात परवान्याचा प्रश्न वेगळा. तो परवाना सरकार देते, विक्रेता नाही, त्यामुळे विक्रेत्यावर चिडून उपयोग नसतो.

नवी कंपनी, स्वतःचे संकेतस्थळ नाही, प्रकाशित काम नाही, जैवसुरक्षा समिती अजून बसलेली नाही, अशा ग्राहकाला खूण न लागलेली ऑर्डरसुद्धा जड जाते. मोठ्या विद्यापीठाच्या पत्त्याला जे अर्ध्या दिवसात मिळते, त्याला इथे पत्रामागून पत्रे लागतात. कागद दाखवता येणे आणि हेतू चांगला असणे यांचा परस्पर संबंध थोडाच असतो. सेवेचे गुण आम्ही इथे कापतो.

चाळणीच्या साधनांपैकी दोन फुकट मिळतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यावीत अशी आहेत. जिनिव्हाच्या इबिस या संस्थेचे 'कॉमन मेकॅनिझम' खुल्या स्रोताचे आहे. आधी जोखमीच्या जनुकांच्या सांख्यिकीय नमुन्यांशी ताडते, मग अनुक्रमांच्या सार्वजनिक कोशांत (डेटाबेसांत) जवळचे नातेवाईक शोधते, आणि शेवटी निरुपद्रवी म्हणून माहीत असलेल्या गोष्टी वगळते. ते आपल्याच संगणकावर चालते, म्हणजे अनुक्रम बाहेर जात नाही. पण पूर्ण कोश उतरवायचे तर शेकडो जीबी जागा हवी. निकाल का आला हे वाचता येते, ही त्याची खरी ताकद. 'सिक्युअरडीएनए' उलट दिशेने जाते. अनुक्रमाचे ३० बेसचे तुकडे कूटबद्ध करून ताडते, त्यामुळे ग्राहकाचे गुपितही फुटत नाही आणि धोक्याची यादीही चव्हाट्यावर येत नाही. वेग उत्तम. कारणमीमांसेत मात्र पहिले साधन सरस.

आता सरकारची बाजू. घातक संशोधनाला आवर घालायचे तीन मार्ग आजवर वापरून झाले आहेत: ज्ञान अडवणे, पैसा अडवणे, साहित्य अडवणे.

ज्ञान अडवण्याचा अनुभव वाईट आहे. २०११-१२ मध्ये एच५एन१ बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट प्राण्यांत हवेतून पसरू शकेल असा बदलण्याचे प्रयोग गाजले. नेदरलँड्सने शोधनिबंध छापायलाच निर्यात परवाना लागेल अशी भूमिका घेतली. परवाना मिळाला, निबंध छापला गेला, आणि खटला मात्र पुढे २०१५ पर्यंत चालला. पैसा अडवण्याचा प्रयोग अमेरिकेने ऑक्टोबर २०१४ ते डिसेंबर २०१७ या काळात केला: इन्फ्लुएन्झा, सार्स आणि मर्स यांची घातकता किंवा प्रसार वाढवू शकणाऱ्या कामांचा निधी थांबवला. जाळे इतके रुंद टाकले गेले की काही प्रकल्प नंतर एकेक करून सोडवून घ्यावे लागले. शिवाय निधी थांबवणे सरकारी पैशावर चालणाऱ्यालाच बांधते. खासगी पैशाच्या कामाला त्याने हातही लागत नाही.

साहित्य अडवणे त्यामानाने शहाणपणाचे, कारण मजकूर वाचणे आणि वस्तू हातात असणे यांत फरक आहे. २००२ मध्ये साडेसात हजार बेसचा पोलिओचा विषाणू रसायनातून उभा केला गेला. २०१७ मध्ये कॅनडातल्या गटाने दोन लाखांहून अधिक बेसचा घोड्यांच्या देवी रोगाचा विषाणू टपालाने मागवलेल्या तुकड्यांतून बनवल्याचे जाहीर झाले. दोन्हीकडे माल ऑर्डरने आलेला होता. म्हणजे अडवायची जागा तीच.

पण त्या जागी कायदा कुठे आहे? वर सांगितलेली कार्यपद्धती स्वेच्छेची आहे. गटाबाहेरचा विक्रेता ती पाळेल किंवा पाळणार नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये चौकट आखली, तीही सरकारी निधी घेणाऱ्या खरेदीदारांपुरती: आधी २०० आणि पुढे ५० बेस इतके छोटे तुकडेही चाळणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. मे २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने तीच चौकट ९० दिवसांत बदलायला सांगितले. ब्रिटनची ऑक्टोबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक. परिणामी कडक चाळणीचा खर्च उचलणारा विक्रेता महाग पडतो, आणि न चाळणाऱ्याला ग्राहक मिळतात. बाजारावर सोडून हे सुटणारे नाही. हे काम सरकारचेच.

चाळणी किती गळते, याच्या चाचण्याही झाल्या आहेत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत अमेरिकी संशोधकांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे तुकडे वेश बदलून मागवले होते, तेव्हा ३८ पैकी ३६ विक्रेत्यांनी ते पाठवून दिले. २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने रचलेली विषारी प्रथिने काही चाळण्यांना ओळखूच आली नाहीत. दुरुस्तीनंतर बहुतेक सापडू लागली, सगळी नव्हे. नावांच्या यादीशी ताडणारा नियम इथे अपुरा पडतो. प्रथिन करते काय, यावर नियम बेतावा लागेल. टेबलावर मावणारी संश्लेषण यंत्रे आली आहेत, त्यांच्यात चाळणी कारखान्यातूनच बसवून देणे हेही त्यात आले पाहिजे.

माल मिळाल्यानंतरचे थोडक्यात. नळी उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवा. कोरडा डीएनए झाकणाला चिकटलेला असतो आणि उघडताना उडून जातो. १,००० नॅनोग्रॅमसाठी १०० मायक्रोलिटर टीई बफर (डीएनए टिकवणारे द्रावण) घातला की १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर होते. ५० अंशांवर १५-२० मिनिटे ठेवा, हलवा, पुन्हा फिरवून खाली बसवा. साध्या पाण्यात फार पातळ करून ठेवू नका, नळीच्या भिंती डीएनए शोषतात. क्लोन न केलेल्या (एकाच रेणूपासून न वाढवलेल्या) तुकड्यात चुका असणारच, तेव्हा तो जिवाणूंत घालून तीन-चार वसाहतींचे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचे अक्षर-वाचन, केल्याशिवाय पुढचा प्रयोग लावू नये.

गुण: रसायनाला पाचपैकी साडेचार, चाळणीच्या साधनांना चार, ग्राहक-पडताळणीला अडीच, सरकारी नियमांना दीड. आणि पैसे भरण्याआधी एक ओळ जरूर वाचा: सुरक्षेच्या कारणाने ऑर्डर नाकारली तर रक्कम पूर्ण परत मिळते की तपासणीचा खर्च कापून.