माझ्यामागे याचं कोण? या काळजीपायी गेलेले 9 लाख 35 हजार

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवलं. शालेय पोषण आहाराच्या वहीत किलोभर तांदळाचा फरक पडला तरी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. असं असूनही एका गृहस्थांनी माझ्याकडून साडेनऊ लाखांना जरा कमी इतकी रक्कम नेली, तीही रीतसर पावत्या देऊन.

माझा मुलगा 34 वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्रावर 75 टक्के. जेवण, अंघोळ स्वतःची स्वतः करतो, पण शंभराची नोट आणि दहाची नोट त्याला सारखीच. त्याचे वडील गेल्यापासून रात्री दोनला जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. अशी मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

हे गृहस्थ पालकांच्या एका मेळाव्यात भेटले. माझी बहीणही अशीच आहे, म्हणाले. (बहीण खरी होती. तेवढं एकच खरं निघालं.) घाटाच्या पायथ्याशी आजीवन निवासी वसाहत उभी करतोय, पन्नासच मुलं घेणार, पहिल्या वीस कुटुंबांना 9 लाख, नंतर 14. एकदा ठेव भरली की मुलाचं मरेपर्यंत सगळं संस्था बघणार. मला ‘बाई’ म्हणायचे, घरी आले की मुलासाठी जिलेबी आणायचे. जागा दाखवायला नेलं तेव्हा पत्र्याच्या दोन शेड, एक बोअर आणि भूमिपूजनाचा नारळ, एवढंच होतं. मुलाला विचारलं, “तुझ्या खोलीला कुठला रंग देऊ?” तो म्हणाला, “निळा.” मी तिथेच विरघळले. पहिला हप्ता चार दिवसांत भरला.

कागद मी पाहिले नाहीत असं नाही. पाहिले, पण काय पाहायचं तेच ठाऊक नव्हतं. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक होता, 80जीचं पत्र लॅमिनेट करून भिंतीवर होतं. मला वाटलं, सरकारी शिक्का आहे म्हणजे झालं. आता कळतं की 80जी ही देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत आहे, संस्था मुलं सांभाळायला लायक आहे असा दाखला नव्हे. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 50 प्रमाणे वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे त्याची चौकशी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात करता येते. मी केली नाही. जमिनीचा सातबारा घरबसल्या मोबाइलवर दिसतो, तोही पाहिला नाही. पाहिला असता तर जमीन भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि पावती संस्थेची, पण पैसे गेले त्या खात्याच्या नावात दोन अक्षरं जास्त होती. ते खातं त्यांच्या स्वतःच्या धंद्याचं होतं. वह्या तपासणाऱ्या बाईला दोन अक्षरं दिसली नाहीत!

वरचे 35 हजार पालकत्वाच्या कागदाचे. मूल 18 वर्षांचं झालं की आईबापाचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. “तिथे फार फिरवतात बाई, मी करून देतो,” असं म्हणून त्यांनी कोऱ्या अर्जावर माझ्या सह्या घेतल्या.

महिने गेले तसं मीच त्या समितीच्या कार्यालयात विचारायला गेले. तिथल्या लिपिक मॅडमनी अर्ज शोधून काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मावशी, पालक म्हणून संस्थेचं नाव का टाकलंय? ही संस्था तर राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेलीच नाही.” मी म्हटलं, “अहो, 35 हजार फी भरलीय.” त्या म्हणाल्या, “कसली फी?”

तो अर्ज मंजूर झाला असता तर माझ्यामागे मुलाच्या राहत्या घराचा कारभारही त्यांच्याच हाती गेला असता. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण अंगावर काटा येतो तो या विचाराने.

जाब विचारायला आम्ही दहा-बारा पालक त्यांच्या घरी गेलो. दार बहिणीने उघडलं. चाळिशीची असेल. आम्हाला बघून हसली, सगळ्यांना मोजून पाण्याचे ग्लास दिले. तिच्यासमोर कुणाला आवाज चढवता येईना. त्यांनी तिथे बसूनच सगळ्यांना चेक लिहून दिले. “लगेच टाकू नका, महिनाभर थांबा,” असं तीनदा झालं आणि चेकची तीन महिन्यांची मुदत संपली. चेक वेळेत टाकला असता आणि परत आला असता, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस धाडून खटला भरता आला असता. हे वकिलांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पोलीस ठाण्यात आधी “हे दिवाणी प्रकरण आहे” असं ऐकवलं. एकेकट्याने जाऊन काही होत नाही. चौदा कुटुंबं मिळून आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तेव्हा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या 1999च्या राज्य कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जप्तीचं चालू आहे. हाती अजून दमडी आलेली नाही.

ज्या गोष्टी फुकट होत्या त्या मी मधल्या काळात तशाच ठेवल्या होत्या, याची लाज वाटते. माझ्यामागे मुलाला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी माझ्या पेन्शनच्या कागदांत त्याचं नाव आणि दिव्यांगत्व नोंदवायला हवं होतं, ते गेल्या वर्षी केलं. मृत्युपत्र केलं. पैसे थेट त्याच्या नावावर न ठेवता खासगी न्यासात (ट्रस्टमध्ये) ठेवलेत, त्यावर विश्वस्त म्हणून माझी बहीण आणि पुतण्या असे दोघं आहेत, एकाच्या सहीने काही निघत नाही. जुना अर्ज मागे घेऊन नवा केला, त्यात पालक म्हणून माझं नाव. माझ्यामागे पुतण्याने अर्ज करायचा, हे त्याच्याशी समोरासमोर बसून बोलले. ते बोलणं नऊ लाखांपेक्षा अवघड होतं, म्हणूनच बहुधा मी इतकी वर्षं टाळलं.

समितीपुढे बोलावलं तेव्हा मुलाला विचारलं, “तुला कुणाजवळ राहायचंय?” त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग साहेबांना विचारलं, “निळा रंग वाळला का?” साहेबांना काही कळलं नाही.

पालकत्वाच्या त्या प्रमाणपत्राचा एकूण खर्च वहीत लिहून ठेवलाय: झेरॉक्स आणि फोटो 140 रुपये, दोघांचं एसटीचं भाडं, आणि स्टँडवर त्याला घेतलेली एक भेळ.