फितीत बांधलेले १२० चौकोन

गोधडीसाठी नवं कापड विकत आणणं आमच्या सासूबाईंना मुळातच पटत नाही. "वाकळ जुन्याचीच गं, नव्याची ती चादर," असं त्या म्हणतात. मी ऐकलं नाही, आणि ते मला १४५० रुपयांना पडलं. वर कुरिअरचे ९० वेगळे.

पुण्यातल्या भाचीला सातवा महिना लागला होता. बाळासाठी चौकोनांची गोधडी शिवायची ठरवलं. ५ इंचाचे चौकोन, १० आडवे, १२ उभे. दोन्हीकडून पाव-पाव इंच शिलाईत गेला की साडेचार उरतो, म्हणजे गोधडी ४५ बाय ५४ इंचांची. पाळणा सुटल्यावरही दोन-तीन वर्षं पुरेल असं माप. घरी जुन्या साड्या होत्या, पण मला हवे होते खूप सारे रंग, आणि कात्रीने १२० तुकडे सारखे कापायचे म्हणजे मनगट कामातून जातं. तेवढ्यात मोबाइलवर एक रील आलं: साटीनच्या फितीत बांधलेला चौकोनांचा गठ्ठा, बोटांनी पत्त्यांसारखा पसरवलेला. '१२० नग, ४० डिझाइन, शुद्ध कॉटन, ओरिजिनल अजरख' (म्हणजे कच्छची ठशांची छपाई). घरपोच पैसे घेत नाहीत, आधी यूपीआय करा. केलं.

गठ्ठा आठवड्यात आला. इतका गोड दिसत होता की फीत सोडवावीशीच वाटेना. वरचे चार-पाच चौकोन बघितले, हात फिरवला, कपाटात ठेवला. ही माझी पहिली चूक. तक्रार ४८ तासांत, तीही पाकीट फोडतानाच्या व्हिडिओसकट, हे त्यांच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं.

शिवायला बसले तीन आठवड्यांनी. वरून एकेक चौकोन घेत तीन ओळी जोडल्या. पहिली ४५ इंचांच्या आसपास आली, तिसरी ४४ पण भरेना. आधी वाटलं माझीच शिलाई इकडे-तिकडे गेली असेल. मग फूटपट्टी घेऊन सुटे चौकोन मोजले: काही पावणेपाच, काही एका बाजूने ५ आणि दुसऱ्या बाजूने त्याहून कमी. कडा कंगोरेदार कात्रीने कापलेल्या, त्यामुळे माप टोकापासून धरायचं की खाचेपासून, यातही थोडा फरक पडतो हे मान्य. पण इथे टोकापासूनही भरत नव्हतं. एका चौकोनात अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, काहीच नाही वाटतं. १० चौकोनांच्या ओळीत तेच पाच सूत होतं आणि एकही कोपरा खालच्या कोपऱ्याला भेटत नाही. शिवाय बरेच तुकडे उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापलेले. उभ्या-आडव्या धाग्याला सरळ धरून कापलेला तुकडा ओढून बघा, जागचा हलत नाही. उरेब तुकडा मशीनच्या दातांखाली रबरासारखा लांबतो.

चौथ्या ओळीला खरा प्रकार कळला. शिलाई बसवायला इस्त्री फिरवली. इस्त्री कॉटनवरच लावलेली होती. मधला निळा चौकोन आधी सुरकुतला, मग आक्रसला, आणि इस्त्रीच्या पत्र्याला चिकटला. खरपूस प्लॅस्टिकचा वास. तो चौकोन हाताला जरा गुळगुळीत लागला होता, पण खळ देऊन कडक केलेला असल्यामुळे मी त्याला चांगलं कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं तलम कॉटन, समजले होते!

मग बेसिनपाशी उभी राहून, चिमट्यात धरून, प्रत्येक प्रकाराचा धागा जाळून पाहिला. कॉटन कागदासारखं जळतं, राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर ज्योतीपासून मागे सरतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. हिशेब असा लागला: नग मोजून १२०, तेवढं खरं. डिझाइन १३. कॉटन ४६, बहुतेक सगळे वरच्या थरात. बाकी ७४ पॉलिस्टर.

अजरखचं तर बोलायलाच नको. कच्छमधल्या अजरखपूरचे कारागीर एकेक कापड कित्येकदा धुतात, छापतात, नीळ आणि मंजिष्ठेत बुडवतात, तेव्हा तो रंग चढतो. ते गावच २००१च्या भूकंपानंतर, धमडका या त्यांच्या जुन्या गावाचं पाणी रंगकामाला चालेना म्हणून, नव्याने वसलं. २०२४मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझे चौकोन मागून पांढरे फटक, म्हणजे वरवरची छपाई. आणि लाल रंगाच्या तुकड्यावर ओला रुमाल दाबला तर रुमाल गुलाबी.

मेसेज केला. उत्तर आलं, "हँडमेडमध्ये थोडा फरक येतोच ताई." फोटो पाठवले. "रंग जात असेल तर मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा." छपाईचा सुटा रंग मिठाने पक्का होत नाही, होत असता तरी पॉलिस्टरचं कॉटन झालं नसतं. मग "कापलेलं कापड परत घेत नाही." (कापलेलं मी नव्हतं, त्यांनीच होतं.) मग ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला. माझ्याकडे बिल नव्हतं, पत्ता नव्हता, कुरिअरच्या चिठ्ठीवर नुसता एक मोबाइल नंबर, तो बंद. ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची हे ठळक दिसायला हवं. त्या पानावर यातलं काहीही नव्हतं, आणि मी पैसे पाठवले ते कुणाच्या तरी खासगी नंबरावर. पैसे आले नाहीत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुकानात आपण कापड कसं घेतो? पन्हा म्हणजे कापडाची रुंदी बघतो, किनार बघतो, एक धागा ओढतो, मुठीत चुरगळून सोडतो. चौकोन कापला की किनार गेली, पन्हा गेला, आणि धुऊन बघावं तर एवढासा तुकडा उसवून आटतो, म्हणून तयार चौकोन कुणी आधी धूत नाही. परीक्षेच्या सगळ्या वाटा त्या कात्रीनेच बंद केलेल्या असतात. म्हणूनच हा माल असा खपतो.

तुम्हाला घ्यायचेच असतील तर आधी १०-१२ नग मागवा, आणि आल्या दिवशी व्हिडिओ चालू ठेवून फीत सोडवा, मधले तुकडे बघा, दोन जाळा. नाहीतर सरळ कापड घ्या. पण पाव मीटर मागू नका: २५ सेंटिमीटर म्हणजे १० इंचाला थोडंसं कमी, ५ इंचाची दुसरी पट्टी केसभराने हुकते आणि ४४ इंची पन्ह्यात ८च चौकोन निघतात. अर्ध्या मीटरमध्ये २४ बसतात. पाच छाप अर्धा-अर्धा मीटर घेतले की झाले १२०. आमच्या कराडात साधं छापील कॉटन मला १८० रुपये मीटरने मिळालं, म्हणजे अडीच मीटरचे ४५०.

बाळाची गोधडी शेवटी सासूबाईंच्या दोन लुगड्यांची झाली. चौकोन मीच कापले, धावदोरा त्यांनी घातला, आणि एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

ते ७४ चौकोन डब्यात आहेत. गरम भांडी धरायची फडकी करावीत तर चिकटतील, पुसायला घ्यावीत तर पाणी टिपत नाहीत. मशीनला नवीन सुई लावली की टाका बघायला एकेक वापरते. अजून ५९ उरलेत.